कोमट पिशवी

माझ्या भावाला माझी एक किडनी हवी होती, आणि ती तोंडाने मागायची त्याची छाती होत नव्हती. म्हणून त्याने आठ दिवसांसाठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक मी खूप पाहिलेत, पण भांडं लपवायला सहा मीटर लांबीची गाडी आणणारा हा पहिलाच. आत शेगडी, फ्रीज, संडास, वर झोपायला माळा, आणि मागच्या बाजूला खिडकीला लागून माझ्यासाठी खास बाकडं.

तपासण्या आधीच झाल्या होत्या. "नुसत्या तपासण्या आहेत, वन्सं, पुढचं पुढे बघू," असं म्हणत भावजयीने मला तीनदा हॉस्पिटलात नेलं होतं, आणि आमचं सगळं जुळतंय असा निकाल आला होता. आल्यानंतर मात्र दोघंही मूग गिळून गप्प. मी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. प्रत्यारोपणाचं बघणाऱ्या बाईंनी मला एकटीला बसवून सांगितलं होतं की घाई नाही, पण पुढच्या सोमवारपर्यंत काय ते कळवा. म्हणजे सहल संपून दोन दिवसांनी. हिशोब बरोबर होता दोघांचा.

मी तेव्हा छप्पन्न वर्षांची. एकतीस वर्षं पाळणाघरात काढलेली, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक किडनी दिली आणि उद्या दुसरी बिघडली, तर मला कोण बघणार, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. आणि खरं सांगायचं तर रागही होता. आमची आई चार वर्षं माझ्या घरी अंथरुणाला खिळून होती. तिचं सगळं मी केलं, पाळणाघराची नोकरी सांभाळून. त्या चार वर्षांत हा शहाणा दोनदा आला, आणि त्यातल्या दुसऱ्यांदा आला तेव्हा ती गेलेली होती. त्यानंतर सात वर्षं आम्ही बोललो नाही. मग एक दिवस भावजयीचा फोन आला की त्याच्या किडन्या गेल्यात.

लहानपणी तो रडायला लागला की चार घरांपलीकडे ऐकू जायचं, म्हणून त्याला सगळे भोपू म्हणायचे. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. आई दोन पाळ्या करायची तेव्हा बाटलीने दूध मीच पाजलंय त्याला. मोठेपणी तो लिफ्ट दुरुस्त करायला लागला आणि आवाज खाली आला, पण नाव राहिलं. भावजय चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते. केसाएवढी चूक चालत नाही तिथे, आणि तिला घरातही चालत नाही.

त्याचं डायलिसिस पोटातून चालायचं. बेंबीच्या बाजूला एक बारीक नळी कायमची बसवलेली. दिवसातून चार वेळा पोटातलं जुनं पाणी त्या नळीतून खालच्या पिशवीत सोडायचं आणि दोन लिटर नवं औषधी पाणी वरच्या पिशवीतून आत घ्यायचं. खिडक्या बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. पिशवी आधी कोमट करायची, नाहीतर पोटात गोळे येतात. त्यासाठी एक विजेवर तापणारी छोटी गादी होती. हे सगळं भावजय करायची. मी लुडबुड करू नये म्हणून मला त्या वेळी बाहेर खुर्ची टाकून दिली जायची. एकतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेली बाई मी, आणि मला अंगणात बसवत होती. मुक्काम तिचा, नवरा तिचा.

पहिल्या दिवशी तर नमनालाच घडाभर तेल गेलं. शहराबाहेर पडता पडता भोपूने गाडी एका झाडाखालून घातली आणि छपरावरच्या झरोक्याचं झाकण फांदीने उडवलं. पुढच्या वळणावर फ्रीजचं दार उघडलं आणि डझनभर अंडी माझ्या बाकड्यावर आली. लिफ्टमध्ये असं होत नाही, असं भोपू म्हणाला. लिफ्टला वळण नसतं, असं मी म्हणाले. भावजय हसली नाही. ती पोतेऱ्याने अंडी पुसत होती.

कॅम्पसाइट म्हणजे कुंपण घातलेलं मोठं मैदान, त्यावर आखलेल्या जागा, प्रत्येक जागेला नंबर आणि विजेचा एक खांब. आंघोळीच्या खोल्या एका टोकाला, भांडी धुवायच्या टाक्या दुसऱ्या टोकाला, आणि ऑफिस फाटकाशी. आमच्या शेजारी एक जोडपं होतं, त्यांच्या गाडीपुढे कुंड्यासुद्धा मांडलेल्या. आमच्या गाडीपुढे मी मांडलेली.

दुसऱ्या दिवशी जागा बदलायची म्हणून भोपूने गाडी सुरू केली आणि खांबाची वायर काढायला विसरला. वायर ताणली, प्लग उखडला, शेजारचा कुंडीवाला ओरडत आला. भोपूने उतरून प्लग उलगडून पाहिला, स्क्रू पिळले, चिकटपट्टी गुंडाळली आणि चालेल म्हणाला. चाललाही, दोन दिवस. त्याच दुपारी संडासाची पेटी रिकामी करायचं काम मी अंगावर घेतलं. पोरांचे लंगोट धुण्यात आयुष्य गेलेलीला त्यात काय. पण पेटीला दोन झाकणं असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी नको ते उघडलं. माझ्या नव्या चपला बरबटल्या. मी त्या गाडीखाली फेकल्या, सपाता घातल्या, आणि दोघांना जे काय सुनावायचं ते सुनावलं. त्यात झाकण होतं, वायर होती, आणि आईही आली. भोपू खाली मान घालून ऐकत राहिला. भावजय आत जाऊन भांडी आवरायला लागली.

तिसऱ्या दिवशी दिवसभर पाऊस. झरोक्यावर लावलेलं प्लास्टिक गळायला लागलं आणि माझी उशी भिजली. आम्ही तिघं त्या डब्यात एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून बसलो आणि कोणीच विषय काढला नाही. भावजय माझ्याकडे बघायची, भोपू तिच्याकडे बघायचा. मला इतका संताप आला की वाटलं, आत्ताच सांगून टाकावं, देत नाही जा. एकदा विचारा तरी लेकांनो. भीक मागायलासुद्धा तोंड उघडावं लागतं.

बुधवारी सकाळी ऊन पडलं. मी भांडी घेऊन टाक्यांकडे गेले, तर तिथे मागच्या नळापाशी भोपू पालथ्या बादलीवर बसला होता आणि ब्रशने माझ्या चपला घासत होता. चार हात मारायचा आणि थांबायचा. गुडघ्यावर हात ठेवून श्वास घ्यायचा, मग पुन्हा चार. सूज आलेले पाय, खाली वाकलं की दम. मी भांडी ठेवून तिथेच उभी राहिले. त्याने वर पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखा हसला.

मी चपला काढून घ्यायला गेले, त्याने दिल्या नाहीत.

"आईला तसं पडलेलं मला बघवायचं नाही, ताई," तो म्हणाला. "मी दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेलोय. हे कारण म्हणून सांगत नाहीये. नुसतं सांगतोय."

मी त्याच्या शेजारी दुसरी बादली पालथी घालून बसले. चपला धुऊन झाल्यावर त्याने त्या कठड्यावर उन्हात ठेवल्या. परत येताना त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. आधाराला टाकला होता, प्रेमाने नव्हे, पण मला तो भार बरा वाटला. गाडीपाशी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. द्यायची. मला कोण बघणार, तर हा बघेल. नाही बघितलं तर नाही. सात वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटलं, आणि मला हसायलाच यायला लागलं. पण लगेच सांगितलं नाही. दोघांना एकदम सांगायचं होतं, आणि भावजय तेव्हा धुणं वाळत घालत होती.

बाराच्या सुमाराला त्या उखडलेल्या प्लगाने घात केला. ठिणगी उडाली, जळका वास आला आणि गाडीतली वीज गेली. औषधी पाण्याची पिशवी त्या गादीवर नुकतीच ठेवली होती, ती गारच. भावजय दुसरी वायर मागायला ऑफिसकडे गेली. तिथे कुलूप, जेवायची सुटी. मग ती चालत गावातल्या दुकानात गेली, हे आम्हाला नंतर कळलं. अर्धा तास झाला तरी तिचा पत्ता नाही. भोपू माळ्याखालच्या पलंगावर पडला होता, चेहरा पिवळा, उलटीसारखं होतंय म्हणत होता. थांबू या, ती आल्यावर करू, असंही म्हणाला. मी म्हटलं, तू पड गुपचूप.

शेगडी गॅसवर होती, तिला विजेशी काय घेणं. पातेल्यात पाणी तापवलं, उकळी फुटायच्या आत गॅस बंद केला, आणि पिशवीचं वरचं वेष्टण काढून पिशवी त्या पाण्यात ठेवली. बाटली गरम करायची रीत असते. दूध आचेवर ठेवायचं नाही, गरम पाण्यात बाटली उभी करायची, मधूनमधून फिरवायची, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. एकतीस वर्षांत मी अशा किती बाटल्या तापवल्या असतील, आणि एका पोराची जीभ भाजली नाही. पिशवी उलटीपालटी केली, मनगटाला लावली, अगदी हवी तशी कोमट. स्वच्छ फडक्याने पुसली. फडकं माझं होतं, उकळत्या पाण्यात धुतलेलं. आणि हे सगळं करताना मी गुणगुणत होते. आपण काहीतरी चांगलं करतोय असं ज्याला वाटतं ना, त्याला आजूबाजूचं काही दिसत नाही.

पिशवी आकड्याला टांगली. भोपू उठला, हात धुतले, मास्क लावला, खिडक्या बंद आहेत का पाहिल्या. पिशवीकडे बघत क्षणभर थांबला. मग त्याने नळी जोडली.

भावजय नवी वायर घेऊन आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिने गरम कशी केली म्हणून विचारलं. भोपू म्हणाला, केली शेगडीजवळ ठेवून. ती इतकी घामाघूम आणि ऑफिसवाल्यावर इतकी भडकलेली होती की पुढे विचारलं नाही. मला वाटलं, आता या धुसफुशीत कशाला सांगायचं. उद्या मुक्काम तळ्याकाठी हलणारच होता, तिथे संध्याकाळी नीट टेबल मांडू, जेवण झालं की सांगू. चांगली बातमी अशी घाईत सांगायची नसते, हे शहाणपण मला कुठून सुचलं कोण जाणे.

गुरुवारी संध्याकाळी टेबल मांडलं. भोपू दोन घास खाऊन उठला, पोट दुखतंय म्हणाला. मी म्हटलं असू दे, उद्या सकाळी.

शुक्रवारी सकाळी त्याच्या पोटातून खाली आलेलं पाणी गढूळ होतं. त्या पिशवीखाली छापील कागद धरायचा आणि अक्षरं वाचता आली पाहिजेत, असा नियम होता. भावजयीने औषधाची चिठ्ठी धरली. मग मलाही वाचायला सांगितलं, तिच्या डोळ्यांवर तिचाच विश्वास बसेना. मला एक अक्षर दिसलं नाही. भोपूला थंडी भरून आली होती, दात वाजत होते.

एवढी मोठी गाडी भावजयीने कधी चालवली नव्हती. गाडीबाहेर सावलीला ताणलेली ताडपत्री गुंडाळायलासुद्धा थांबली नाही. फाटकाचा खांब घासला, ताडपत्री फाटून मागे फरफटत आली, कपाटं उघडून भांडी जमिनीवर लोळत होती. मी पलंगाशी खाली बसून भोपूला धरलं होतं. दोन तास लागले.

हॉस्पिटलात नर्सने एकेक गोष्ट विचारली. हात कोणी धुतले, मास्क होता का, पिशवी कशी तापवली. शेवटच्या प्रश्नाला मी तोंड उघडणार तोच भोपू म्हणाला, "गरम पाण्यात ठेवली होती. मीच. ताई बाहेर होती." नर्सने कपाळाला हात लावला. इतक्यांदा शिकवलंय, पाण्यात कधीच ठेवायची नाही, म्हणाली. पिशवीच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब राहिला आणि तो नळीवाटे आत गेला, तरी तेवढं पुरतं. भावजयीने त्याच्याकडे असं पाहिलं की मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. आणि मी गप्प बसले. ते गप्प बसणं मी स्वतःला कधी माफ करणार नाही.

भावजय अर्ज भरायला गेली तेव्हा मी त्याला विचारलं, खोटं का बोललास. आणि तुला माहीत होतं, तर मला थांबवलं का नाहीस.

तो छताकडे बघत होता. "पिशवी ओली दिसली मला. पण तू गुणगुणत होतीस, ताई. सात वर्षांनी. म्हटलं, आता टोकलं तर परत बसशील रुसून. एकदा काही होत नाही, असं वाटलं."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, मी देणार आहे, सोमवारी फोन करून सांगणार आहे.

"नको," तो म्हणाला. "आता तू हो म्हणणारच. मला तसली नको. दंड भरल्यासारखी."

मी त्याला सांगितलं की हे मी बुधवारीच ठरवलं होतं, त्या पिशवीच्या आधी, चपला धुतल्यास ना, तेव्हाच. मी शपथा घातल्या. त्याने माझा हात थोपटला आणि बरं बरं म्हणाला. पाळणाघरात एखादं पोर म्हणतं ना, मी नाही सांडलं, ते आपोआप सांडलं, तेव्हा मी अगदी अश्शीच थोपटते त्याला.

सोमवारी मी फोन केला. त्या बाई म्हणाल्या, तुमचा निरोप लिहून घेतला आहे, पण आधी ते बरे होऊ देत. पोटातली नळी काढली, डायलिसिससाठी मानेत दुसरी घातली, जंतू रक्तात गेले होते. हृदय आधीच थकलेलं. अकराव्या दिवशी सकाळी भोपू गेला. शेवटच्या दोन दिवसांत तो कोणाशीच बोलला नाही, त्यामुळे माझ्यावर त्याचा विश्वास बसला की नाही हे मला कधीच कळणार नाही.

तीन आठवड्यांनी मी भावजयीकडे गेले. रोज उठून जायचं ठरवत होते आणि रोज पाय मागे येत होता. तिने दार उघडलं, आत बसवलं, चहा ठेवला. मी कपाला हात न लावता सगळं सांगितलं. पातेलं, वेष्टण, फडकं, नर्सपुढे तो काय बोलला आणि मी कशी गप्प बसले. मला वाटलं ती मला हाकलून देईल. दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिने विचारलं, "आणि त्याच्या आधी? वन्सं, तुम्ही काय सांगणार होतात?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला ते सरळ विचारलं. मी तिच्याकडे पाहिलं. चार चार रात्री न झोपलेला चेहरा. मी हो म्हटलं असतं, तर खरंच बोलले असते. पण मग तिने काय करायचं? तिच्या घरापर्यंत किडनी चालत आली होती, आणि एक वायर आणायला गेली तेवढ्यात निसटली, हे घेऊन तिने उरलेली वर्षं काढायची? आपण गेलोच नसतो तर, थांबलो असतो तर. मला माहीत आहे ते कसं असतं. मी तेच करतेय. आणि माझ्यावर रागवायला तरी तिला सोपं जावं. कोणावर तरी रागावता आलं की माणूस जगतो, सात वर्षं जगतो, मी जगलेय.

"नाही म्हणणार होते," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू तिला हे ठाऊकच होतं. मग उठली, माझ्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला. मी चपला घातल्या आणि निघाले.